सोबत जोडले आहे

एक्केचाळीस मिनिटांची फिल्म. तीत घडत काहीच नाही.
बाबा खांबाला तेल लावतात. आई कोंबडीला शिव्या देते.
छपराच्या चौकोनातून ऊन उतरतं,
सरकत सरकत पाचव्या खांबाशी येतं,
आणि बाबा म्हणतात,
"दवलत, हा बघ. हा तुझ्या पैशाचा."
एवढंच.
वजन मात्र तीन जीबी.

मी खोरोगच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते,
म्हणून घरातलं असलं काम माझ्या गळ्यात.
लिहिलं: भाऊ, फिल्म सोबत जोडली आहे.
मेलने हात वर केले. पंचवीस एमबीच्या वर उचलत नाही म्हणाला.
पंचवीस एमबीत बाबांचं
बोलण्याआधीचं खाकरणं तेवढं मावतं.

मग फिल्म आवळली.
मावली, पण सुरकुत्या गेल्या.
बाबांचा चेहरा ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखा.
आईने पडद्याला नाक लावलं.
"हा कोण? आणि माझ्या घरात काय करतोय?"

मग तुकडे केले. एकशे एकोणतीस.
एकामागून एक पाठवत बसले.
एकाहत्तराव्याला वीज गेली, आणि तो कुठे गेला
ते अजून कळलेलं नाही.
एक हरवला की बाकीचे सगळे तोंड मिटून बसतात.

मग ढगात चढवली. तीन रात्री लागल्या,
शाळेच्या खोलीत, कोट घालून,
पडद्यावरचा निळा पट्टा मुंगीसारखा.
शेवटी एक लिंक मिळाली. आयुष्य सात दिवस.
भाऊ चेल्याबिन्स्कमध्ये, चौदाव्या मजल्यावर काचा बसवतो,
त्या आठवड्यात त्याचा फोन मुकादमाकडे गहाण.
आठव्या दिवशी त्याचं उत्तर आलं:
"दार लागलंय. वाजवलं. कुणी उघडत नाही."

तेव्हा आई म्हणाली, अकनज़रला विचार.

अकनज़रची गाडी मंगळवारी दुशानबेला जाते,
सात माणसं, वर जर्दाळूची पोती.
त्याच्या आतल्या खिशात एक काड्यापेटी असते,
तिच्यात कापूस, कापसात इवलेसे पेनड्राइव्ह:
कुणाच्या गुडघ्याचा एक्सरे,
कुणाच्या मुलीचं लग्न,
एकात काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही.
मी पैसे काढले. तो रागावला.
"मी माणसांचं भाडं घेतो," म्हणाला,
"याला बसायला जागा कुठे लागते?"

पंज नदीच्या काठाने वीस तास. पलीकडे दुसरा देश,
तिथलं गाढव दिसतं, गाढवामागचा मुलगा दिसतो.
वांजच्या पुढे दरड कोसळलेली,
सगळे उतरून दगड बाजूला करत होते
आणि तीन जीबी अकनज़रच्या छातीशी
उबेत बसून होती. हे त्याने नंतर फोनवर सांगितलं,
जरा लाजत,
जणू माझं लेकरू नेलं होतं त्याने.

दुशानबेत काड्यापेटीतून मुमिनशोच्या सासूकडे.
तिने ती ब्लाउजात ठेवली, विमानात बसली,
आणि तपासणीत विसरली.
बाईने हात फिरवला. "हे काय?"
सासू म्हणाली, "घर."

भावाने लावली, तर ओळखेना.
तोंडात तुतीचं पीठ गेलेलं, आमच्याकडचं पीठ,
आईने वाटेसाठी दिलेल्या पुडीतलं.
त्याने फुंकर मारली. मग म्हणे, बोट चाटलं.
मग पुन्हा लावली.

खोलीत नऊ जण झोपतात. नऊही जण उठले.
लॅपटॉप ओशच्या एका पोराचा,
आवाज फक्त डावीकडून.
एक्केचाळीस मिनिटं कोंबडी, ऊन, तेलाचा हात.
कुणी पुढे ढकलली नाही.

काल रात्री मेल आला. विषय रिकामा.
वर पिन नाही, खाली पिन नाही,
सोबत काही जोडलेलं नाही.
एकच शब्द:
पोचलं.

आईला वाचून दाखवला.
"एवढाच?" म्हणाली.
मग म्हणाली, पुन्हा वाच.